रिकाम्या पिस्तुलातून सुटलेली गोळी

रिकाम्या पिस्तुलातून गोळी सुटली, तिने पोलिस ठाण्याच्या इमारतीतून फेरफटका मारला, चहाच्या किटलीला भोक पाडलं, मोठ्या साहेबांची झोपमोड केली आणि जिथून निघाली होती तिथेच येऊन गुपचूप पडली. हे मी माझ्या दोन डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नयेच. मी स्वतः जाळीमागे उभा नसतो तर माझाही बसला नसता. पण जाळीमागे उभ्या माणसाला बघण्यावाचून दुसरा उद्योग नसतो.

जाळी म्हणजे शस्त्रागाराची. माझी सगळी नोकरी तिच्यामागे गेली. लोकांना वाटतं, शस्त्रागार म्हणजे केवढा थरार. अहो, नाट्यगृहात कोट आणि छत्र्या सांभाळायची खिडकी असते ना, तेच काम. सकाळी माणसं येतात, आपापलं पिस्तूल घेऊन जातात. संध्याकाळी येतात, परत देतात. मधल्या वेळात तेल, चिंध्या, ब्रश, आणि पुन्हा तेल. तेल अंगात इतकं मुरलं होतं की डास मला चावायला बसायचे आणि घसरून पडायचे. निवृत्त झाल्यावर मी शिवणयंत्रं दुरुस्त करायला लागलो. स्प्रिंगा तशाच, वास तोच. फरक इतकाच की या यंत्राने फार तर बोटात सुई जाते.

तर हा किस्सा मी ज्या दुपारी ठमीला सांगितला, त्या दुपारपासून सुरुवात करतो.

ठमी म्हणजे माझ्या ताईची एकुलती एक मुलगी. खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण ते फक्त हजेरीला वापरतात. पोलिसात भरती झाली, तिचं प्रशिक्षण संपत आलं होतं. दुपार कलल्यावर माझ्याकडे आली, बूट काढले, दुरुस्तीला आलेल्या एका यंत्राच्या पायपट्टीवर पाय टेकले आणि नुसती बसून राहिली. चेहरा पिळून वाळत टाकलेल्या फडक्यासारखा. मी चहा पुढे केला, तो तिने गार होईपर्यंत हातात धरून ठेवला. पायाखालची पायपट्टी मात्र हळूहळू खालीवर हलवत होती. यंत्राला दोरा नव्हता, कापड नव्हतं, सुई आपली उगाच खालीवर. मलाही त्या वेळी तसंच वाटत होतं. गुडघे गेलेले, डोळे गेलेले, आणि पोरगी काय विचारायला आली आहे ते मला दारातच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तिच्या इन्स्ट्रक्टर बाईंना सांगायचं होतं, की ती कमरेला पिस्तूल लावून गस्तीवर जाणार, की ठाण्याच्या खिडकीत बसून तक्रारी लिहून घेणार. एकदा सांगितलं की वर्षानुवर्षं बदल नाही. तिला गस्त हवी होती. पण हे तिने घरी ज्या दिवशी बोलून दाखवलं, त्या दिवसापासून तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, तिच्याशी बोलणं टाकलं होतं. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. ती खोलीत आली की हे उठायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे. डावा पाय अधू आहे त्यांचा. ठमी लहान असताना ते जिन्यावरून पडले असं घरात सांगतात. उभं राहिलं की पाय ठणकतो, तरी उभे राहायचे.

आणि दाजी काही पोलिसाच्या धंद्याला नाव ठेवणारे नव्हेत. ते स्वतः त्याच ठाण्यात होते, माझ्या जाळीच्या पलीकडे. नव्या पोरांना पिस्तूल हाताळायला तेच शिकवायचे. मग एके दिवशी त्यांनी आपणहून गाड्यांच्या विभागात बदली मागून घेतली, आणि निवृत्त होईपर्यंत टायर आणि डिझेल बघत बसले. पिस्तुलाला पुन्हा हात लावला नाही. का, ते ठमीला कुणी सांगितलं नव्हतं.

"मामा," ती म्हणाली, "बाबा माझ्यावर रागावलेत की घाबरलेत? रागावले असतील तर मी समजूत काढीन. घाबरले असतील तर खिडकी घेईन, जाऊ दे. पण कळायला तर हवं. तू होतास तिथे. काय झालं होतं?"

आता आली पंचाईत. मी ताईला शब्द दिला होता की पोरीला हे कधी सांगणार नाही. दिलेला शब्द मी मोडत नाही. फार तर थोडा वाकवतो. मी म्हटलं, सांगतो, सगळं सांगतो, पण आधी मला कळू दे तुला त्यातलं किती समजतं. नाहीतर मी सांगायचो आणि तू नुसती मान हलवायचीस.

तिने पिशवीतून निळं पिस्तूल काढून माझ्या बॉबिनांच्या डब्याशेजारी ठेवलं. प्रशिक्षणात हाताला सवय व्हावी म्हणून देतात ते, नुसतं प्लास्टिक. त्यातलं काही हलत नाही, काही उडत नाही. मी मुठीच्या बुडाशी बोट लावून विचारलं, इथे काय बसतं. ती म्हणाली, क्लिप.

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, क्लिप सिनेमातल्या गुंडांना लागते आणि ऑफिसातल्या कागदांना. इथे बसतं त्याला मॅगझिन म्हणायचं. लांबट चपटी डबी, खाली स्प्रिंग, स्प्रिंगवर एकावर एक रचलेल्या. आणि रचलेल्या काय? ती म्हणाली, गोळ्या. मी म्हटलं, झालं, उद्या बाई तुला खिडकीतही बसू देणार नाहीत. रचलेली असतात ती काडतुसं. काडतूस म्हणजे अख्खा संसार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपीवर ठोका बसतो, दारू पेटते आणि गोळी एकटीच घर सोडून जाते. पुंगळी मागे राहते. सिनेमाच्या पोस्टरवर अख्खं काडतूस पितळेसकट हवेतून जाताना काढतात. तशी ती जायला लागली तर चोरांना पकडायला नको, हसून हसूनच मरतील.

ती जरा हसली. हसताना तिचे खांदे थोडे खाली आले, तेवढंच मला हवं होतं.

मग म्हटलं, रिव्हॉल्वर आणि पिस्तूल यातला फरक सांग. तो तिला येत होता. रिव्हॉल्वरला फिरणारं चक्र असतं, चक्रात घरं असतात, एकेका घरात एकेक काडतूस. चक्र बाजूला काढलं की भरलेलं घर कोणतं आणि रिकामं कोणतं ते आंधळ्यालाही चाचपून कळतं. भोळं हत्यार. पिस्तूल तसं नाही. पिस्तूल आतल्या गाठीचं. मॅगझिन काढून घेतलं, हातात हलकं लागलं, तरी आत एक काडतूस दबा धरून बसलेलं असू शकतं. कुठे? तर नळीच्या मागच्या टोकाला जी एकाच काडतुसाची जागा असते तिथे. तिला चेंबर म्हणतात.

इथे ठमी अडकायची. मॅगझिन, चेंबर, स्लाइड, कोण कुणाला ढकलतं आणि कोण कुणाला ओढतं, यात तिचं डोकं गरगरायचं. पाठ करून यायची आणि बाईंसमोर सगळं एकात एक मिसळायची. दिवसभर मैदानात पळाल्यावर माणसाच्या डोक्यात जागा तरी किती उरते.

म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडे गेली आहेस ना? बाहेर बाकावर पेशंट बसलेत, ते मॅगझिन. आत एकच खुर्ची, ते चेंबर. खुर्चीत एका वेळी एकच. आणि दार उघडणारी ती खमकी नर्स असते ना, ती स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग. ती मागे ओढली की नर्स दार उघडते, खुर्चीतल्याला बखोट धरून बाहेर काढते. सोडली की बाकावरच्या पहिल्याला आत ढकलते आणि दार लावते. बाहेर काढायचा आणि आत घ्यायचा, दोन्ही कामं ती एकाच फेरीत करते. आमच्याकडे सकाळी निघताना खुर्चीत एक आणि बाक काठोकाठ भरलेलं, असा रिवाज होता.

ठमीने पायपट्टी थांबवली.

म्हटलं, आता दवाखाना बंद करायचाय. काय करशील? ती म्हणाली, बाकावरच्यांना घरी पाठवीन. बरोबर. ते म्हणजे मॅगझिन काढणं. मग नर्सला सांगायचं, दार उघड. ती खुर्चीतल्याला काढते, बाकावर कुणी नाही, म्हणून आत कुणी येत नाही. खुर्ची रिकामी. डॉक्टर घरी जाऊ शकतो. पण समज, तू दमलीस आणि उलटं केलंस. आधी नर्सला दार उघडायला लावलंस. तिने खुर्चीतला बाहेर काढला, बाकावरचा एक आत घेतला. मग तू बाकावरच्यांना घरी पाठवलंस. बाहेर सामसूम. तुझ्या डोळ्यांदेखत एक माणूस बाहेर पडलेला. तू दिवा घालवलास, कुलूप लावलंस.

"आणि आत खुर्चीत एकजण तोंड उघडून बसलेला," ठमी म्हणाली.

"बसलेला. आणि त्याचं तोंड कुणीकडे असेल ते त्याचं त्याला ठाऊक."

मग ती निळं पिस्तूल हातात घेऊन मनातल्या मनात क्रम लावत बसली. मॅगझिनसाठी एक बोट, स्लाइडसाठी दोन बोटं. मला वाटलं, चला, आता विसरली आपला प्रश्न. पण ताईची मुलगी ती. पिस्तूल खाली ठेवून म्हणाली, आता सांग.

मग मी सांगायला घेतलं.

त्या वेळी शहरात कोण कुठला बडा पाहुणा यायचा होता, आणि त्याला रस्ते मोकळे हवे होते. त्यामुळे अख्खं ठाणं रस्त्यावर. एक पाळी संपली की तिच्या शेपटीला दुसरी बांधलेली. माणसं उभ्याउभ्या झोपायची. एक शिपाई चौकात शिटी फुंकता फुंकता झोपला, तर शिटी श्वासाबरोबर वाजत राहिली आणि वाहतूक त्या दिवशी कधी नव्हे इतकी सुरळीत चालली. मोठे साहेब तर खुर्चीत झोपून सलाम घ्यायचे, आणि डाव्या हाताने केलेला सलाम घोरता घोरता ओळखायचे. दाजींना दिवसा रस्त्यावर ड्यूटी आणि उरलेल्या वेळात नव्या पोरांची शिकवणी. त्यांचे डोळे असे आत गेले होते की ते बघत पुढे असायचे आणि दिसायचं त्यांना मागचं.

माझ्या जाळीसमोर भिंतीला लागून एक वाळूची पेटी होती. ड्यूटीवरून आलेल्या प्रत्येकाने आधी तिच्यापुढे उभं राहायचं. नळी पेटीच्या तोंडाकडे, बोट चापाबाहेर. मॅगझिन काढायचं, स्लाइड ओढायची, चेंबरमध्ये बघायचं. नुसतं बघायचं नाही, करंगळी घालून चाचपायचं. दाजी पोरांना सांगायचे, दमलेल्या डोळ्यांना जे बघायचं असतं तेच दिसतं, बोट खोटं बोलत नाही. मग मोठ्याने म्हणायचं, 'रिकामं'. आणि मग टेबलाशी येऊन पिस्तूल पुसायचं. चुकून गोळी सुटलीच तर वाळूत जावी, म्हणून ती पेटी. पण माझ्या उभ्या नोकरीत तिच्यात गोळी कधी गेली नाही. गेलं ते एक मांजर. करडी मांजरी, वाळू ऊबदार म्हणून तिने तिथे संसार थाटला. पुढे पुढे पोलिस तिची परवानगी घेऊन पेटीपुढे उभे राहायचे.

दाजी त्या पेटीपुढे पोरांची ओळ लावायचे आणि एकेकाला अचानक विचारायचे, 'आधी काय?' पोराने म्हणायचं, 'मॅगझिन'. जेवताना विचारायचे, पायऱ्या चढताना विचारायचे. एकाला त्याच्या लग्नात, हार घालायला हात वर केला तेव्हा मागून विचारलं. तो नवरीकडे बघत 'मॅगझिन' म्हणाला. ते लग्न टिकलं, पण कसंबसं.

ठमी मध्येच म्हणाली, "मलाही विचारायचे. शाळेत जाताना. आधी काय? मी म्हणायची, मोजे. मग बूट." ती थांबली. "मग एकदम बंदच झालं. मला वाटलं, मी मोठी झाले म्हणून."

मी चहाचा कप उचलला. रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

मग पुढे चालू ठेवलं. त्या संध्याकाळी दाजी आले. चालत आले म्हणायचं इतकंच. पाय येत होते आणि वरचं धड त्यांच्या मागून ओढल्यासारखं येत होतं. पेटीपुढे उभे राहिले. मांजरीला म्हणाले, बाई, जरा सरक. नळी पेटीकडे. मॅगझिन काढलं. स्लाइड ओढली. चेंबरमधलं काडतूस टणकन उडालं आणि घरंगळत माझ्या जाळीपर्यंत आलं. दाजींनी आत बघितलं, करंगळी घातली, 'रिकामं' म्हणाले, आणि टेबलाशी येऊन बसले.

आता एक गोष्ट लक्षात घे, मी म्हटलं. आमच्याकडे त्या जातीची पिस्तुलं होती, ज्यांची स्लाइड पुसायला उतरवायची तर आधी चाप ओढावा लागतो. हो, साफ करायला चाप ओढायचा. ज्याने कुणी ते पिस्तूल घडवलं, त्याने आयुष्यात एकही जादा पाळी केली नसणार. तर दाजींनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि चिंधी शोधायला खाली वाकले. तेवढ्यात ती मांजरी टेबलावर उडी मारून आली. तिला तेलाचा वास आवडायचा. हुंगलं, पंजा पुढे केला, आणि चापाच्या कडीत घातला.

ठमी म्हणाली, "मांजरीने."

"मांजरीने," मी म्हटलं. "आणि त्या रिकाम्या पिस्तुलातून, बाकावर कुणी नाही, खुर्चीत कुणी नाही, अशा पिस्तुलातून गोळी सुटली."

मग काय, मीही सुटलो. गोळी आधी जिन्याच्या लोखंडी कठड्यावर आपटली आणि वरच्या मजल्यावर गेली. तिथे चहाची मोठी किटली होती, तिला अलीकडून पलीकडे भोक. दोन्हीकडून चहाची धार लागली, आणि ज्या दोघांचं कित्येक दिवस एकमेकांशी बोलणं नव्हतं, ते समोरासमोर कप धरून उभे राहिले. तिथून ती साहेबांच्या खोलीत शिरली. साहेब फोनवर वरच्या साहेबांच्या शिव्या झोपेत ऐकत होते. गोळीने फोनची तार कापली, शिव्या थांबल्या, आणि शांतता झाल्यामुळे साहेब दचकून जागे झाले. त्यांनी डोळे उघडायच्या आत गोळी खिडकीतून बाहेर पडली, बाहेरच्या खांबाला वळसा घालून, वेग कमी झाल्यामुळे जरा विचार करत करत, खालच्या खिडकीतून पुन्हा आत आली आणि वाळूच्या पेटीत, मांजरीच्या बिछान्यात येऊन पडली. कोमट होती. मांजरीने तिला पाय लावून बाजूला केलं आणि झोपली.

हे सांगताना मी हातवारे करत होतो, बॉबिनांचा डबा पाडला, त्या टेबलाखाली सगळीकडे पळाल्या. ठमी वाकून एकेक गोळा करत होती. खालूनच तिने विचारलं, आणि बाबा?

म्हटलं, बाबा काय, घाबरले. कुणीही घाबरेल. हत्यारच असं बेभरवशाचं म्हटल्यावर कोण हात लावेल त्याला? म्हणून गाड्यांकडे गेले. त्यांचा काडीचा दोष नाही. त्यांनी सगळं नियमाने केलं. तूही खिडकी घे, आईलाही बरं वाटेल. मी तर म्हणतो, पिस्तुलाचा भरवसाच नाही. तुला सांगतो, गोंधळ निवल्यावर मी त्यांचं मॅगझिन उचललं. भरलेल्या मॅगझिनचं वजन माझ्या हाताला पाठ होतं. तर हलकं. बघतो तर वरचं एक काडतूस कमी. मांजरीनेच पळवलं असणार, तिला चकचकीत वस्तूंचा भारी नाद.

टेबलाखालचा आवाज थांबला. बॉबिना गोळा करायचं तिने सोडून दिलं होतं.

माझं तोंड उघडंच राहिलं. इतकी वर्षं मी हा किस्सा किती जणांना रंगवून सांगितला, किटलीची भोकं वाढवली, साहेबांचं घोरणं वाढवलं, पण ते मॅगझिन मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. ते असं आपोआप बाहेर पडलं. दमलं की माणसाचा क्रम चुकतो, दुसरं काय.

ठमी हळूहळू वर आली. गोळा केलेल्या बॉबिना तिने डब्यात ओतल्या, झाकण लावलं. मग निळं पिस्तूल पिशवीत ठेवलं आणि मोजे घालायला लागली. मी म्हटलं, चहा टाकतो आणखी. तिने एक मोजा घातला, दुसरा घातला, बूट ओढले. नाडी बांधता बांधता, वर न बघता, ती बोलली. आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता, पण सरळ होता.

"मामा, खोटं. किटलीचं खोटं, साहेबांचं खोटं, मांजरीचं तर खोटंच. काडतूस टणकन पडलं हे खरं असेल, क्रम कुठलाही असला तरी ते पडतंच. पण बाक काठोकाठ भरलेलं होतं असं तूच म्हणालास. मग एक कमी कसं झालं? एक आत गेला म्हणून. म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली. बाबांनी आधी स्लाइड ओढली, मग मॅगझिन काढलं, करंगळी घातली नाही आणि सवयीने 'रिकामं' म्हणाले. अख्ख्या ठाण्याला 'आधी काय' विचारणारे बाबा. आणि चाप त्यांनीच ओढला, पुसायला बसल्यावर, टेबलाखाली पाय असताना. ती गोळी कुठे फिरायला गेली नाही, त्यांच्या पायात गेली. ते जिन्यावरून कधी पडलेच नाहीत." तिने नाडीची गाठ ओढली आणि उठून उभी राहिली. "ते माझ्यावर रागावलेले नाहीत, मामा, घाबरलेलेही नाहीत. त्यांना माझ्यासमोर उभं राहायची लाज वाटते. उठ, चप्पल घाल आणि घरी चल माझ्याबरोबर. उद्या मी गस्तच मागणार आहे, पण त्याच्याआधी आज मला हे बाबांच्या तोंडून शिकायचंय, आधी काय ते."